महामारीत आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनचं काम कसं चाललं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळ्यात आधी हे. तुमच्या स्वतःच्या मनात आत्ता जीव संपवायचे विचार येत असतील तर खालचं सगळं राहू द्या, १४४१६ ला फोन लावा. ही सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर ११२. आणि शक्य असेल तर एकटे बसू नका, घरात किंवा शेजारी जे कुणी असेल त्याच्याजवळ जाऊन बसा, काही सांगितलं नाही तरी चालेल.

आता या पानाबद्दल. आम्ही एक लहानशी मराठी संस्था आहोत, फोनवर लोकांचं ऐकून घेतो. शाळा-कॉलेजात सेशन घ्यायला गेलो, नवीन व्हॉलेंटियरचं ट्रेनिंग असलं किंवा देणगीदारांशी बोलणं झालं की कोविडच्या दोन वर्षांबद्दल तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. कॉल करणाऱ्यांबद्दल जे लिहिलंय ते बऱ्याच जणांचं मिळून आहे, त्यात कुणा एकाला शोधायला जाऊ नका, सापडणार नाही.

तुम्ही नक्की काय करता? समुपदेशन का?

नाही. समुपदेशन हे शिकलेल्या, डिग्री असलेल्या लोकांचं काम आहे आणि ते वेगळं आहे. आम्ही ऐकतो. आमचे व्हॉलेंटियर म्हणजे बँकेतून रिटायर झालेल्या मावशी, आयटीतला मुलगा, शाळेतल्या बाई, असे साधे लोक, त्यांना ट्रेनिंग दिलेलं असतं आणि मगच फोनवर बसवलेलं असतं. सल्ला देत नाही, धर्म-अध्यात्म सांगत नाही, "पॉझिटिव्ह विचार करा" असं तर चुकूनही म्हणत नाही.

या कामाची सुरुवात १९५३ मध्ये लंडनला झाली, चॅड व्हारा नावाच्या एका धर्मगुरूने चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवून समॅरिटन्स सुरू केली. त्यांना असं दिसलं की समुपदेशनाला आलेले लोक बाहेर बाकावर बसून थांबायचे तेव्हा तिथल्या साध्या स्वयंसेवकांशी, चहा देणाऱ्यांशी बोलायचे आणि कित्येकांना तेवढ्यानेच हलकं वाटायचं, आत जायची गरजही उरायची नाही. त्यातून ही ऐकून घ्यायची पद्धत आली. आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ मध्ये स्नेहा सुरू केली, मुंबई-पुण्यातही अशा संस्था बरीच वर्षं काम करतायत. आम्ही त्याच वाटेवरचे.

लॉकडाऊन लागल्यावर हेल्पलाइन बंद पडली का?

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, २४ तारखेला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि २५ पासून सगळं बंद. आमचं काम तोवर एका छोट्या ऑफिसात चालायचं, तिथेच फोन, तिथेच शिफ्ट, तिथेच शिफ्ट संपल्यावर एकमेकांशी बोलणं. हे सगळं त्या खोलीवर अवलंबून होतं आणि खोलीला कुलूप लागलं. अत्यावश्यक सेवेत आमच्यासारख्या हेल्पलाइनचं नाव कुठे होतं? मुंबईत तर १५ जूनला लोकल सुरू झाली तीसुद्धा फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी, म्हणजे शिफ्टला येणारा माणूस यायचाच बंद.

मग कॉल घरी वळवायचं ठरलं. क्लाउड टेलिफोनी म्हणतात ती सोय घेतली, म्हणजे कॉल करणारा नेहमीच्याच नंबरवर करतो आणि तो शिफ्टवरच्या व्हॉलेंटियरच्या मोबाईलवर वाजतो, दोघांनाही एकमेकांचा नंबर दिसत नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्यातले काही जण साठीच्या पुढचे, ॲप टाकायचं कसं, हेडफोन लावायचा कुठे, इथून सुरुवात होती, आणि तरी त्यांनीच सगळ्यात जास्त शिफ्ट केल्या हेही सांगायला पाहिजे.

घरून कॉल घेतले तर गोपनीयतेचं काय?

हा प्रश्न रास्त आहे, आम्हालाही सगळ्यात जास्त भीती त्याचीच होती. नियम असे केले की दार बंद होणारी खोली असेल तरच शिफ्ट घ्यायची, स्पीकर कधीच नाही, हेडफोन लावायचाच, कागदावर एक अक्षर लिहायचं नाही. घरातल्यांनी कॉल कुणाचा होता, काय झालं हे विचारायचं नाही आणि विचारलं तरी सांगायचं नाही. नाव-गाव आम्ही आधीही विचारत नव्हतो, आताही नाही.

या नियमामुळे आमचे चांगले लिसनर, म्हणजे फोनवर ऐकणारे व्हॉलेंटियर, कमी झाले. ज्यांच्या घरी एकच खोली, त्यांना शिफ्ट देता येईना. इच्छा होती, अनुभव होता, फक्त दार नव्हतं. आणि हीच गोष्ट फोनच्या पलीकडच्या बाजूला किती मोठी आहे ते आम्हाला तिथून कळायला लागलं.

लोक घरातच अडकलेले होते, मग बोलायचे कुठून?

आम्हाला विचाराल तर महामारीतल्या आमच्या कामाबद्दल हा एकच प्रश्न विचारला तरी पुरे. सगळ्यांना वाटतं की लॉकडाऊनमध्ये लोक एकटे पडले म्हणून त्रास झाला. एकटे पडलेले होतेच, परगावी रूमवर अडकलेली मुलं होती, मुलं परदेशात असलेले आईबाप होते. पण महाराष्ट्रातल्या शहरांत खूप माणसं अशी होती की ज्यांना एकटं व्हायलाच मिळत नव्हतं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात जण, चोवीस तास, टीव्ही चालू, मुलांची ऑनलाइन शाळा त्याच खोलीत, त्याच एका मोबाईलवर. ज्याच्यामुळे त्रास होतोय तो समोर बसलेला. अशा ठिकाणी "मला जगावंसं वाटत नाही" हे वाक्य कुठे उभं राहून बोलायचं?

तर लोक जिन्यातून बोलायचे. गच्चीवरून बोलायचे, सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं की तेही बंद. नळ सोडून बाथरूममधून बोलायचे. दूध आणायच्या, औषध आणायच्या निमित्ताने खाली येऊन बोलायचे आणि पाच मिनिटांत "ठेवतो आता" म्हणायचे. उभ्या रिक्षात बसून बोलणारे रिक्षावाले होते, धंदा बंद होता पण रिक्षा हीच त्यांची खोली झालेली होती. रात्री एक-दीडनंतर कुजबुजत बोलणारे होते, इतकं हळू की आपण आपला श्वास धरून ऐकायचं. काही जण फोन लावून काहीच बोलायचे नाहीत, मागे घरातला गलका ऐकू यायचा, आम्ही सांगायचो की बोलता येत नसेल तरी चालेल, मी आहे इथे, हवं तर थोडा वेळ नुसतं ऐकत राहा.

मग आमची कामाची पद्धत बदलावी लागली. आधी कॉल शांतपणे तासभरसुद्धा चालायचा, आता तुकड्यातुकड्यात चालायला लागला. म्हणून कॉल उचलल्या उचलल्या पहिला प्रश्न हा विचारायचा की आत्ता बोलायला जमेल का, कुणी जवळ आहे का, हो-नाही एवढंच म्हणालात तरी चालेल. कॉल मधेच तुटला तर आपणहून परत करायचा नाही, कारण फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही, नवऱ्याने उचलला तर त्या बाईचं काय होईल. हे फार जड जातं. एखादी व्यक्ती रडता रडता एकदम "हो ताई, रेशनचं बघते उद्या" असं म्हणते आणि फोन कट, आणि आपल्याला कळतं की कुणीतरी खोलीत आलं. आपण बसून राहायचं. परत आला तर आला.

आणि रिचार्ज. हे कुणाच्या लक्षात येत नाही. पगार बंद झाला की पहिल्यांदा जे थांबतं त्यात मोबाईलचा रिचार्ज असतो. साध्या नंबरवर कॉल करायला बॅलन्स लागतो. टोल-फ्री नंबर ही चैन नाहीये, ज्याच्याकडे काहीच उरलं नाही त्याला पोचता येणारा तो एकच रस्ता असतो.

लोक कशाबद्दल बोलायचे? कोविडच्या भीतीबद्दलच का?

पहिले थोडे आठवडे हो, आजाराची भीती, घरात ज्येष्ठ आहेत, मी बाहेरून आलो तर माझ्यामुळे त्यांना होईल. बिल्डिंगमध्ये पहिला पेशंट सापडला की अख्खा मजला त्या घराकडे कसा बघायचा हेही खूप ऐकलं. नर्स म्हणून काम करणाऱ्या मुली होत्या, घरमालक म्हणतोय खोली सोडा, आणि दिवसभर दवाखान्यात राबून यायचं ते या माणसांत.

मग पैसे. एप्रिलपासून पगार अर्धे, मेपासून नाहीत. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना मोरॅटोरियम दिलेला, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची मुभा, तो ३१ ऑगस्ट २०२० ला संपला आणि सप्टेंबरपासून वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. लोन ॲपवाले तर मोबाईलमधले सगळे कॉन्टॅक्ट आधीच उचलून ठेवायचे आणि मग सासऱ्याला, बॉसला, लहानपणच्या मैत्रिणीला फोन करून सांगायचे की हा माणूस चोर आहे, फोटोत फेरफार करून पाठवायचे. रक्कम बघाल तर पाच हजार, आठ हजार. एवढ्याशा रकमेसाठी माणूस मरायच्या गोष्टी करतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात घ्या की तो पैशासाठी तसं बोलत नसतो, अब्रू गेली आता तोंड कुणाला दाखवू, हे त्याच्या डोक्यात असतं.

दुसऱ्या लाटेत, म्हणजे २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, सगळं बदललं. तेव्हा भीतीपेक्षा दुःख आणि अपराधी वाटणं. बेड मिळाला नाही, ऑक्सिजन मिळाला नाही, रेमडेसिव्हिरसाठी रात्रभर रांगेत उभा राहिलो आणि तोवर बाबा गेले. मीच घरी कोविड आणला. आईचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, पिशवीत गुंडाळून नेलं, खांदा द्यायला चार माणसं नाहीत, दहावं नाही, तेरावं नाही, कुणी घरी भेटायला आलं नाही. आपल्याकडे माणूस गेल्यावर जे तेरा दिवस घर भरलेलं असतं ना, लोक येतात, तेच तेच विचारतात, आपण तेच तेच सांगतो, त्या सांगण्यातून दुःख थोडं थोडं बाहेर पडत असतं. ते सगळं बंद झालं होतं. ते सांगणं मग फोनवर आलं. एकाच माणसाने आईच्या शेवटच्या दिवसाची हकीकत तीन वेगवेगळ्या शिफ्टला सांगितली असेल तर ती तीनदा पूर्ण ऐकायची, "हे तुम्ही सांगितलंत" असं म्हणायचं नाही.

नोकरी गेलेल्या माणसाचं नुसतं ऐकून काय उपयोग? त्याला पैसे लागतात

बरोबर आहे, लागतात. ऐकल्याने भाडं भरलं जात नाही आणि आम्ही तसं कधी म्हटलेलंही नाही. म्हणून त्या काळात आम्ही एक यादी ठेवली, कुठल्या भागात कोण रेशन किट देतंय, शिवभोजन थाळी पाच रुपयाला कुठे मिळते, दवाखान्याची बिलं कमी करायला कुणाला भेटायचं, आणि कॉल करणाऱ्याने विचारलं तर ती माहिती द्यायची. काहींनी यावर टीका केली की हे ऐकणाऱ्या संस्थेचं काम नाही, नियमात बसत नाही. आमचं मत स्पष्ट आहे, उपाशी माणसाच्या भावना ऐकून घ्यायच्या आणि चार गल्ल्यांवर जेवण मिळतंय हे माहीत असून सांगायचं नाही, हे आम्हाला जमणार नव्हतं.

पण दुसरी बाजूही आहे. पैशाची अडचण हजारोंना होती. त्यातला एखादा माणूस जेव्हा मरायच्या विचारापर्यंत येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने ती अडचण कुणालाच सांगितलेली नसते, बायकोला वाटत असतं नोकरी चालू आहे. तो रोज लॅपटॉप उघडून बसतोय. ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर काढायला एक अनोळखी कान उपयोगी पडतो, आणि एकदा बाहेर पडलं की बायकोला सांगायचं कसं यावर बोलता येतं. अडचण तेवढीच राहते, पण ती एकट्याने उचलायची राहत नाही.

कोविडमुळे आत्महत्या वाढल्या का?

आकडे सरळ सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या नोंदल्या गेल्या, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. महाराष्ट्र तिन्ही वर्षं राज्यांमध्ये सगळ्यात वर, २०२० मध्ये १९,९०९ आणि २०२१ मध्ये २२,२०७. रोजंदारीवर काम करणारे २०२० मध्ये ३७,६६६ आणि २०२१ मध्ये ४२,००४, म्हणजे जवळजवळ दर चार जणांमागे एक. हे पोलिसांत नोंद झालेले आकडे, नोंद न झालेले वेगळे.

बाहेर सगळीकडे असंच झालं असं नाही. २१ देशांच्या आकड्यांवर २०२१ मध्ये लॅन्सेट सायकिॲट्रीत एक मोठा अभ्यास आला, त्यात महामारीच्या पहिल्या काही महिन्यांत आत्महत्या वाढल्याचं दिसलं नाही, पण ते देश श्रीमंत किंवा मध्यम-श्रीमंत होते, भारत त्यात नव्हता. जपानमध्ये सुरुवातीला कमी झाल्या आणि २०२० च्या उत्तरार्धात वाढल्या, विशेषतः बायकांमध्ये.

आता यावरून "कोविडने माणसं मारली" असं एका ओळीत म्हणायचं का? आम्ही म्हणणार नाही. आत्महत्येमागे एकच कारण जवळपास कधीच नसतं. आणि ज्या देशांनी लोकांना घरी बसवून हातात पैसे दिले तिथे काय झालं आणि आपल्याकडे काय झालं याचा विचार करायला हवा, हे फक्त मनाच्या आजाराचं प्रकरण नाही.

दारू बंद झाल्यावर त्रास झाला का?

हो, आणि याची तयारी कुणाचीच नव्हती. मार्चअखेर दुकानं एकदम बंद झाली, मेच्या पहिल्या आठवड्यात उघडायला लागली. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक थांबली तर हात थरथरणं, झोप उडणं, भास होणं, फिट येणं असं होऊ शकतं, ते जिवावर बेतू शकतं आणि त्याला डॉक्टरच लागतो. घरच्यांना वाटायचं की बरं झालं, सुटली. आम्ही अशा कॉलला ताबडतोब दवाखान्यात न्यायला सांगायचो, यात ऐकत बसायचं नाही.

तुम्ही फोनवर थेट "आत्महत्या" हा शब्द वापरता? त्याने डोक्यात विचार येत नाही का?

वापरतो. "तुमच्या मनात आत्महत्येचे विचार येतायत का?" असंच विचारतो. विचारल्यामुळे तो विचार नव्याने पेरला जात नाही हे आतापर्यंतच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट बहुतेक वेळा पलीकडून एक मोठा श्वास ऐकू येतो, कारण ज्याभोवती ते इतका वेळ फिरत होते ते कुणीतरी न घाबरता बोललं. "तसलं काही वेडंवाकडं करणार नाही ना?" असं विचारू नका, त्याला "नाही" हेच उत्तर येणार, कारण प्रश्नातच ते हवंय.

पोलिसांना कळवता का? गुन्हा दाखल होतो का?

या भीतीने कितीतरी लोक फोनच करत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे, त्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिच्यावर खटला भरायचा नाही, तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तेव्हा आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ पण गेलं. कलम ११५ मुळे महामारीच्या काळातही मदत मागणाऱ्याला शिक्षेची भीती बाळगायचं कारण नव्हतं, फक्त हे लोकांपर्यंत आणि कधीकधी दवाखान्यापर्यंतही पोचलेलं नव्हतं.

आमच्याकडून कुणाला काही कळवलं जात नाही. अपवाद एकच, अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि हे आम्ही मुलांना त्यांनी पुढचं बोलायच्या आत सांगतो. शाळा बंद होत्या तेव्हा त्रास देणाऱ्याबरोबरच घरात कोंडलेली मुलं होती, त्यांच्यासाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर आहे.

विद्यार्थ्यांचं काय?

ऑनलाइन शाळा, एक मोबाईल, रेंज नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला जास्त काळजी स्पर्धा परीक्षेच्या मुलांची वाटायची. पुण्यात पेठांमध्ये खोली घेऊन वर्षानुवर्षं अभ्यास करणारी ही मुलं, घरी शेती किंवा तीही नाही, मेस बंद, अभ्यासिका बंद, आणि परीक्षा पुढे, परत पुढे. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची पूर्वपरीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली तेव्हा मुलं पुण्यात रस्त्यावर आली होती. वय वाढतंय, गावाकडे लोक विचारतात काय झालं साहेब. या मुलांना "एक परीक्षा म्हणजे आयुष्य नव्हे" असं सांगितलेलं मुळीच आवडत नाही आणि त्यांचं बरोबर आहे, त्यांनी आयुष्याची सात-आठ वर्षं त्यात घातलेली असतात.

त्या काळात बातम्यांमुळे फरक पडला का?

पडला. जून २०२० मध्ये एका नामवंत अभिनेत्याच्या मृत्यूनंतर कित्येक आठवडे टीव्हीवर जे चाललं होतं ते सगळ्यांनी बघितलंय, कारण घरात बसून बघण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. कसं केलं, कुठे केलं, खोलीचे फोटो, यातलं काहीही दाखवायचं नसतं, प्रेस कौन्सिलने २०१९ मध्येच त्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिलेल्या होत्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर असले फोटो आले तर कृपा करून पुढे पाठवू नका. आधीच काठावर असलेल्या माणसाला त्याने खरंच धक्का लागतो.

ऐकणाऱ्यांचं काय झालं? तेही घरातच होते

ऑफिसात शिफ्ट संपली की दुसऱ्या लिसनरशी बोलून, त्याला डीब्रीफ म्हणतात, मन मोकळं करून माणूस घरी जायचा. घरी जायचा तो रस्ता फार महत्त्वाचा होता हे नंतर कळलं. आता कॉल संपला की दार उघडलं आणि समोर कुकरची शिट्टी. म्हणून आम्ही डीब्रीफ सक्तीचं केलं, शिफ्टनंतर फोनवर बोलल्याशिवाय शिफ्ट संपली असं धरायचं नाही, आणि ज्याच्या घरात कुणी आजारी किंवा कुणी गेलंय त्याला महिनाभर तरी शिफ्ट नाही, त्याने कितीही आग्रह केला तरी. दुसऱ्या लाटेत आमच्याही घरांत माणसं गेली. याहून जास्त लिहायचं नाहीये.

सरकारने काही केलं की नाही?

केलं. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने किरण हेल्पलाइन सुरू केली, तेरा भाषांत, मराठीसकट. टेली मानस १० ऑक्टोबर २०२२ ला आली, बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या देखरेखीखाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये देशाचं पहिलं राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण आलं, २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करायचं त्यात ठरवलंय. चांगलं आहे. पण सगळ्यात वाईट दिवस २०२१ च्या उन्हाळ्यात होते आणि यातली मोठी पावलं त्यानंतर पडली हेही तितकंच खरं.

मी तेव्हा फोन केला होता, कुणी उचलला नाही

माफ करा. लाइन कमी होत्या, माणसं कमी होती, आणि बिझी टोन ऐकून फोन ठेवलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे आम्हाला कधीच कळणार नाही. तुम्ही हे वाचताय म्हणजे तुम्ही आहात, याचा खरंच आनंद आहे. तेव्हा जे बोलायचं होतं ते अजून आत असेल तर आताही बोलता येईल, जुनं झालं म्हणून चालत नाही असं काही नसतं. आणि एक नंबर लागला नाही तर दुसरा लावा, थांबू नका.

घरातल्या एखाद्याची काळजी वाटते, मी काय करू?

आधी त्याला एकांत द्या. चारचौघात, जेवताना, मुलांसमोर विचारू नका. फिरायला न्या, गाडीवर बसवा, गच्चीवर न्या. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी शेजारी चालताना बोलणं सोपं जातं. मग जे दिसतंय ते सांगा, "तू महिनाभर नीट झोपत नाहीयेस, मला काळजी वाटते", आणि गप्प बसा. उत्तर लगेच येत नाही. जीव द्यायचे विचार येतात का असं सरळ विचारा. हो म्हणाला तर ओरडू नका, आईवडिलांची शपथ घालू नका, "आमचा विचार केलास का" असं म्हणू नका, तो विचार तो रोज करत असतो. त्याला एकटं सोडू नका, इजा करता येईल अशा गोष्टी त्याच्या हाताशी ठेवू नका आणि डॉक्टरकडे त्याच्याबरोबर स्वतः जा. नुसती चिठ्ठी हातात देऊन पाठवू नका.

कोविड तर संपला, आता घरून कॉल घेता का?

दोन्ही चालतं. ऑफिस परत सुरू केलंय कारण लिसनरना एकमेकांची सोबत लागते, पण लहान गावातल्या, घर सोडता न येणाऱ्या लोकांनाही आता व्हॉलेंटियर होता येतं, ते आम्ही ठेवलंय. दार बंद होणारी खोली लागते हा नियमही तसाच आहे.

मला व्हॉलेंटियर व्हायचंय

या. डिग्री लागत नाही. नुकतंच जवळचं कुणी गेलं असेल तर थोडं थांबून या. ट्रेनिंगमध्ये बोलायला कमी आणि गप्प राहायला जास्त शिकवलं जातं, आणि सगळ्यांना ते जमतंच असं नाही, न जमलं तर त्यात कमीपणा नाही, ऑफिसची, हिशेबाची, पोस्टर लावायची कामं खूप असतात.

आम्ही परदेशात राहतो, मराठीत बोलणारं कुणी मिळेल का?

२३ मार्च २०२० पासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती तेव्हा हा प्रश्न खूप आला. आईवडिलांचे अंत्यसंस्कार व्हिडिओ कॉलवर बघितलेले मुलगे-मुली, आणि तिकडे मध्यरात्र, कुणाला सांगणार? मराठीसाठी इथल्या हेल्पलाइनला बाहेरून कॉल लागेलच असं नाही, म्हणून तिथल्या नंबरवर आधी प्रयत्न करा. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ११६ १२३, समॅरिटन्स, फुकट आणि चोवीस तास. अमेरिकेत ९८८. ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. तिथे इंग्रजीत बोलावं लागेल, अडखळत बोललात तरी ते ऐकून घेतात, घाई करत नाहीत.